कार्डांचे खण आणि सॉर्टिंग: एका छोट्या प्रकल्पाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

टायपिंग एकदाचं संपलं. कादंबरी विभागाची २,१६० कार्डं. अर्धी मी लॅपटॉपवर केली, अर्धी माझ्या भाचीने, सईने, फोनवर. एका ओळीत एक पुस्तक: नाव, लेखक, दाखल क्रमांक, प्रकाशन वर्ष आणि पुस्तक सध्या कुठे आहे ते. साधी टेक्स्ट फाईल, यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत).

मागची गोष्ट दोन ओळींत. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात अजून कार्ड तालिका चालते. लाकडी कपाट, त्यात लांबट खण, खणातल्या कार्डांना आरपार भोक पाडून ओवलेली लोखंडी सळई. ग्रंथपाल काकूंना यादी संगणकावर हवी होती, आणि सईला डिप्लोमाला जायच्या आधी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची होती. दोन्ही कामं एकत्र बांधली. सईला अट एकच घातली: सीसोबत तयार मिळणारं, यादी लावून देणारं क्यूसॉर्ट वापरायचं नाही. यादी अकारविल्हे लावायची (यालाच सॉर्टिंग म्हणतात), पण प्रत्येक पद्धत, तुलनेसकट, आपल्या हाताने लिहून.

आणखी एक ठरवलं. वेळ मोजायची नाही. दोन हजार नोंदी म्हणजे कुठलीही पद्धत पापणी लवेपर्यंत आटपते. मिलिसेकंदांच्या फरकावर गप्पा मारण्यात अर्थ नाही. त्याऐवजी तुलना मोजायच्या. दोन नावं एकमेकांसमोर धरून 'आधी कोण' हा प्रश्न जितक्यांदा विचारला, तो आकडा. यंत्र कुठलंही असो, हा आकडा बदलत नाही (असं तेव्हा वाटत होतं. १८ तारीख पाहा.)

१५ जून, रविवार

सईने बबल सॉर्ट लिहिला. शेजारच्या दोघांची तुलना, उलटे असतील तर अदलाबदल, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याच खेपेला सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळला: शेवटच्या नोंदीचा शेजारी शोधत ॲरेच्या (नोंदींच्या सलग घरांच्या) बाहेर गेली होती. सगळ्यांचं पहिलं पाऊल तिथेच पडतं.

नंतर सिलेक्शन सॉर्ट. उरलेल्यांतला सगळ्यात आधीचा शोधायचा, पुढे आणून ठेवायचा. याच्या तुलना चालवायच्या आधीच कागदावर सांगता येतात: २,१५९ + २,१५८ + ... + १, म्हणजे २३,३१,७२०. चालवलं, बरोबर तेवढ्याच. यादी लावलेली द्या, उलटी द्या, पिसून द्या, आकडा हलत नाही. सईला हे फार आवडलं. मला हा सॉर्ट थोडा सरकारी वाटतो. समोर काय आलंय ते न बघता सगळे रकाने भरून घेतो.

१८ जून, बुधवार

तीन संध्याकाळी वाया. पण लिहून ठेवण्यासारख्या.

लावलेल्या यादीत 'घरटं' आधी आणि 'घर' नंतर येत होतं. एवढंच नाही, जिथे जिथे छोटं नाव मोठ्या नावाची सुरुवात होतं, तिथे छोटं मागे. बबलमध्येही, सिलेक्शनमध्येही, म्हणजे दोष तुलनेच्या फंक्शनमध्ये. ते मीच लिहिलं होतं: दोन स्ट्रिंगचे (अक्षरांच्या ओळींचे) बाइट एकेक करून बघायचे, पहिल्या वेगळ्या बाइटवर निकाल. दहा वेळा वाचलं, चूक दिसेना. मग सई म्हणाली, "मामा, माझ्या फोनवर तर बरोबर येतंय." ती फोनवर कोड चालवायच्या टर्मक्स ॲपमध्ये चालवत होती. तोच कोड, तीच फाईल.

कारण असं निघालं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पहिला बाइट कायम २२४. सीमधला साधा 'कॅर' (एक बाइट ठेवायचं घर) ऋण धरायचा की नाही हे भाषेचं मानक ठरवत नाही, कंपायलरवर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर) सोडतं. माझ्या इंटेल लॅपटॉपवर तो चिन्हासकट असतो, त्यामुळे २२४ चा होतो उणे ३२. फोनच्या आर्म प्रोसेसरवर तो बिनचिन्हाचा, म्हणून २२४ चा २२४. स्ट्रिंग संपल्याची खूण शून्य. 'घर' संपलं की त्याच्या हातात शून्य, 'घरटं'च्या हातात उणे ३२. शून्य मोठं, म्हणून 'घर' मागे. देवनागरी अक्षरांची आपापसातली तुलना मात्र बरोबर येत होती, कारण सगळेच सारखे ऋण होते. म्हणूनच दोष इतके दिवस लपला.

दोन्ही बाइट 'अनसाइन्ड कॅर', म्हणजे बिनचिन्हाचे, करून घेतले आणि प्रश्न मिटला. सीचं स्वतःचं तुलनेचं फंक्शन 'स्ट्रकंप' हेच करतं. ते न वापरण्याची अट माझीच, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार.

२१ जून, शनिवार

इन्सर्शन सॉर्ट. हा सईला शिकवावा लागला नाही, वाचनालयात काकूंना बघून आला. नवीन पुस्तक आलं की त्या सळई काढतात, खणातली कार्डं मागून पुढे चाळतात, जागा सापडली की नवं कार्ड खोचतात, सळई परत घालतात. सईने वहीत असं लिहिलं:

प्रत्येक कार्डासाठी, दुसऱ्यापासून शेवटपर्यंत:
    हातातलं = ते कार्ड
    जोवर डावीकडचं कार्ड > हातातलं:
        डावीकडचं एक घर उजवीकडे सरकव
        सरकवले = सरकवले + १
    मोकळ्या जागी हातातलं ठेव

पिसलेल्या यादीवर सरासरीने शक्य जोड्यांपैकी निम्म्या जोड्या उलट्या (नंतरचं नाव आधी) असतात, म्हणून ११,६५,८६० च्या आसपास सरकवणी व्हायला हवी. मी तिला तसं आत्मविश्वासाने सांगितलं. आकडा आला ५९,४९७.

आधी वाटलं मोजणी चुकली. पुन्हा चालवलं, तेच. चहा झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. फाईल आम्ही टाइप केली ती खण समोर ठेवून, पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत. म्हणजे यादी लावलेलीच होती! काकूंनी आणि त्यांच्या आधीच्या ग्रंथपालांनी चाळीसेक वर्षं हाताने इन्सर्शन सॉर्ट करून लावलेली.

मग प्रश्न उलटा झाला. लावलेल्या यादीवर शून्य यायला हवं. हे ५९,४९७ कुठून आले?

इन्सर्शन सॉर्टची एक गंमत आहे. प्रत्येक सरकवणी बरोबर एक उलटी जोडी सुलटी करते, ना कमी ना जास्त. त्यामुळे सरकवणीचा आकडा म्हणजे मूळ यादीत किती जोड्या उलट्या होत्या त्याची मोजदाद. थोडक्यात, काकूंचा क्रम आणि माझ्या संगणकाचा क्रम यांच्यात ५९,४९७ ठिकाणी मतभेद आहेत. आता सॉर्टिंग बाजूला, हे भांडण मिटवायचं.

२२ जून, रविवार

पहिला चोर लगेच सापडला. लावलेल्या यादीत सगळ्यात वर 'म'चं एक पुस्तक. टाइप करताना नावाच्या आधी एक मोकळी जागा पडली होती. मोकळ्या जागेचा क्रमांक ३२, तो सगळ्या अक्षरांच्या आधी. ते एक कार्ड बाराशेहून जास्त कार्डांच्या डोक्यावर चढून बसलं. काढलं. ५८,२८३.

दुसरा चोर: क्ष आणि ज्ञ. काकूंच्या कपाटात 'ह'नंतर सगळ्यात शेवटचा खण क्ष-ज्ञचा, वर्णमालेत आपण म्हणतो तसा. युनिकोडला (प्रत्येक लिपीच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या तक्त्याला) मात्र 'क्ष' नावाचं अक्षरच माहीत नाही. त्याच्या लेखी ते क, हलन्त, ष असे तीन सांकेतांक (चिन्हांचे क्रमांक), नऊ बाइट. त्यामुळे क्षितिज, क्षमा, क्षण हे सगळे 'क'च्या शेपटीला, 'ख'च्या आधी. ज्ञानही तसंच 'ज'च्या शेवटी. अशी तीसच पुस्तकं आहेत, पण प्रत्येक जण सरासरी दीड हजार कार्डांशी उलटी जोडी करतो.

उपाय: नावाला हात लावायचा नाही, प्रत्येक नावासाठी एक वेगळी किल्ली तयार करायची आणि तुलना किल्ल्यांची करायची. किल्लीत क्ष आणि ज्ञ यांना 'ह'च्या पुढची घरं द्यायची. युनिकोडच्या तक्त्यात 'ह'नंतर लगेच काश्मिरीसाठीची दोन स्वरचिन्हं आणि नुक्ता आहे; आमच्या यादीत त्यातलं काहीच येत नाही. ती मोकळी घरं बळकावली. जुगाड आहे हे मान्य.

चालवलं: १२,५२०. खूप उतरला, पण माझ्या हिशेबाने आणखी शंभरेक कमी यायला हवे होते.

२४ जून, मंगळवार

काकूंना विचारायला वाचनालयात गेलो. पाऊस इतका की छत्री नावालाच. विचारलं, "काकू, 'अक्षर' हा शब्द कुठे लावता? 'अळ'च्या नंतर ना?"

"नाही रे. 'अक'मध्ये."

"पण क्ष तर शेवटी येतो."

"खण शेवटी येतो. शब्दाची सुरुवात क्षने असली तर. मधला क्ष म्हणजे 'क'चं जोडाक्षर, तो 'क'खालीच. शब्दकोश बघ की."

घरचा एक शब्दकोश तसा होता, दुसरा नव्हता. पण प्रमाण काकूंचं कपाट. किल्लीचा नियम बदलला: क्ष-ज्ञला खास वागणूक फक्त पहिल्या जागी. १२,४१३. अपेक्षेबरोबर जुळलं.

मला हा नियम आधी विसंगत वाटला. येताना विचार केला तेव्हा पटला. वाचक आधी खण निवडतो, मग आत शोधतो. दोन वेगळ्या कामांना दोन वेगळे नियम.

२५ जून, बुधवार

ॲ. इंग्रजीतून आलेली आठ नावं याने सुरू होतात, काकूंच्या खणात ती 'अ'च्या शेवटी, 'आ'च्या आधी. आमच्या यादीत त्यातली दोन नीट जागेवर आणि सहा थेट यादीच्या तळाला. पडद्यावर आठही सारखी दिसतात!

दोन जागेवरची सईने टाइप केलेली, सहा माझी. तिच्या फोनचा कीबोर्ड अ आणि अर्धचंद्र अशी दोन चिन्हं टाकतो. माझा 'ॲ' हे एकच चिन्ह टाकतो, ज्याचा सांकेतांक ०९७२. हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. तोपर्यंत 'अ'च्या शेजारची घरं भरलेली, म्हणून याला अंकांच्याही पुढे जागा मिळाली. उशिरा आलेल्या पाहुण्याला दाराशी पाट.

किल्ली करताना ॲचे अ + अर्धचंद्र असे दोन तुकडे करून टाकले. १२,०६० जोड्या एका फटक्यात सुटल्या. उरले ३५३.

२८ जून, शनिवार

ळ. याचा मला आधीपासून संशय होता. आपल्या वर्णमालेत श, ष, स, ह, ळ. युनिकोडमध्ये ल ०९३२, ळ ०९३३, आणि मग व ०९३५. हा क्रम इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतप्रणालीतून आला. सगळ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवताना ळला लच्या शेजारी बसवलं. त्यामुळे संगणक म्हणतो कळस, कवच, कहर. काकू म्हणतात कवच, कहर, कळस. 'ळ'ने शब्द सुरू होत नाही म्हणून गोंधळ खणाच्या आतल्या आत राहतो, पण 'काळ'ने सुरू होणारी कादंबऱ्यांची नावं मराठीत काही कमी नाहीत.

'ह'नंतरच्या मोकळ्या घरांपैकी पहिलं ळला दिलं, क्ष-ज्ञ एकेक घर पुढे. ३१२ सुटले. उरले ४१.

अनुस्वाराबाबत मात्र नशीब चांगलं. काकूंच्या खणात 'अंक' हा 'अकरा'च्या आधी, आणि युनिकोडमध्येही अनुस्वार सगळ्या व्यंजनांच्या आधी. काही करावं लागलं नाही.

आता इन्सर्शन सॉर्टच्या एकूण तुलना बरोबर २,२००: प्रत्येक नव्या कार्डाला किमान एक, म्हणजे २,१५९, अधिक ४१. सिलेक्शन सॉर्टला याच यादीसाठी तेवीस लाख. सईने विचारलं, "मग शाळेत इन्सर्शनला हळू का म्हणतात?" पिसलेल्या यादीवर तो हळूच आहे. पण खरी माणसं खऱ्या याद्या पिसून कुठे देतात? पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसाठी टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेला टिमसॉर्ट नेमका यावर उभा आहे: यादीत आधीच लागलेले पट्टे शोधायचे, तोकड्या पट्ट्यांना इन्सर्शनने लांबवायचं, मग पट्टे एकमेकांत विणायचे.

ते ४१ कुठे आहेत याची यादी छापून ठेवली. पाच जागा. काकू आठवडाभर लग्नाला गेल्यात, आल्या की बघू.

५ जुलै, शनिवार

मर्ज सॉर्ट. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांचा, १९४५ चा. यादीचे दोन भाग, प्रत्येक भाग तसाच लावायचा, मग दोन लावलेल्या गठ्ठ्यांवरचं वरचं वरचं कार्ड बघत एक गठ्ठा करायचा. पिसलेल्या यादीवर एकवीस हजारांच्या थोड्या वर तुलना. तुलनांवर चालणारी कुठलीही पद्धत घ्या, २,१६० नोंदींना सरासरीने सुमारे २०,८०० च्या खाली जाताच येत नाही. कारण इतक्या कार्डांचे जेवढे क्रम शक्य आहेत त्यांतून एक निवडायला तेवढे हो-नाही प्रश्न लागतातच. मर्ज सॉर्ट त्या तळाला जवळजवळ टेकतो. सईला हा तळ कळायला संध्याकाळ लागली. 'मनात एक आकडा धर' या खेळाने शेवटी कळला.

चुका दोन. पहिली, प्रत्येक पायरीला नवी मेमरी मागितली आणि परत केली नाही. दुसरी जास्त शिकवणारी. एका कादंबरीच्या दोन प्रती आहेत, दाखल क्रमांक ३८८ आणि १४१२. फाईलमध्ये ३८८ आधी. मर्जनंतर १४१२ आधी येऊ लागला. नावं तर सारखी, मग अदलाबदल का? डाव्या गठ्ठ्याचं कार्ड 'लहान असेल तर' घ्या असं सईने लिहिलं होतं. 'लहान किंवा समान' हवं होतं. समान असताना उजव्याला पुढे सोडलं की मूळ क्रम मोडतो. एका बरोबरच्या चिन्हाचा फरक, पण जुनी प्रत आधी की नवी, हे काकूंच्या दृष्टीने महत्त्वाचं.

मधला बिंदू काढताना मी डावं अधिक उजवं भागिले दोन न लिहिता, डावं अधिक (उजवं वजा डावं) भागिले दोन असं लिहायला लावलं. दोन हजारांवर काही बिघडत नाही. पण बेरीज इंटिजरच्या बाहेर जाण्याचा हाच दोष जावा या भाषेच्या लायब्ररीत कित्येक वर्षं होता आणि जोशुआ ब्लॉक यांनी तो २००६ मध्ये जाहीर लिहिला. हाताला वळण आधीच लागलेलं बरं.

६ जुलै, रविवार

आषाढी. आईने साबुदाण्याची खिचडी केली, सई दुपारपर्यंत टीव्हीवर पंढरपूर बघत बसली. मग क्विकसॉर्ट.

याची कथा आमच्या कामाच्या फार जवळची म्हणून तिला सांगितली. १९५९. टोनी होर मॉस्को राज्य विद्यापीठात शिकत होते आणि यंत्राकडून रशियनचं इंग्रजी करून घ्यायच्या खटपटीत होते. शब्दकोश चुंबकीय फितीवर, अकारविल्हे. फीत पुढे-मागे पळवत बसायचं नसेल तर वाक्यातले शब्द आधी त्याच क्रमात लावून घ्यावे लागणार. त्यासाठी क्विकसॉर्ट सुचला. पुढे इंग्लंडमध्ये नोकरीत साहेबांनी शेलसॉर्ट लिहायला सांगितला. होर म्हणाले माझ्याकडे याहून वेगवान आहे. सहा पेन्सची पैज लागली, होर जिंकले. म्हणजे हा सॉर्ट जन्मालाच शब्द लावायला आला.

आम्ही शेवटचं कार्ड पिव्हट, म्हणजे वाटणीचं कार्ड, धरलं. त्याहून आधीचे डावीकडे, बाकीचे उजवीकडे, मग दोन्ही बाजू तशाच. पिसलेल्या यादीवर सत्तावीस हजारांच्या आसपास. छान. मग खणांच्या क्रमाची मूळ फाईल दिली: जवळजवळ तेवीस लाख. सिलेक्शन सॉर्टएवढंच! सई माझ्याकडे बघत राहिली. लावलेल्या यादीत शेवटचं कार्ड सगळ्यात मोठं, त्यामुळे वाटणी होते ती 'सगळे एकीकडे, दुसरीकडे कोणी नाही' अशी. प्रत्येक फेरीत एकच कार्ड कमी. ज्या यादीवर काकूंचा इन्सर्शन २,२०० तुलनांत घरी जातो तिथे नावातच 'क्विक' असलेला घाम गाळतो. पिव्हट कुठूनही, फासा टाकून निवडला की पुन्हा सव्वीस-अठ्ठावीस हजार.

१० जुलै, गुरुवार

काकूंचा फोन. लग्नाहून आल्या. यादी 'आहे', 'बांधणीला', 'गहाळ' अशी तीन भागांत वेगळी करून हवी, समितीच्या बैठकीला. सई म्हणाली सोपं आहे, मी क्विकसॉर्टची तुलना बदलते. बदलली, आणि फाशाने पिव्हट निवडूनही आकडा लाखांत गेला. कारण उघड आहे: बहुतेक पुस्तकं 'आहे' मध्ये, सगळी समान, आणि आमची वाटणी समानांना एकाच बाजूला ढकलते.

यावर डच संगणकतज्ज्ञ डायक्स्ट्रांनी मांडलेली डच झेंड्याची युक्ती आहे. तीन रंगांचे खडे, एकाच फेरीत तीन पट्टे करायचे: लहान डावीकडे, मोठे उजवीकडे, समान मधोमध सोडून द्यायचे. इथे तर खरोखरच तीन रंग, त्यामुळे एक फेरी आणि काम संपलं. तिने कागदावर पेन, खोडरबर आणि शार्पनर मांडून करून बघितलं.

पण 'आहे' मधली पुस्तकं आता अकारविल्हे राहिली नव्हती, लांब लांबच्या अदलाबदलीत विस्कटली. समितीसाठी शेवटी मर्ज सॉर्ट वापरला: आधी नावाने, मग त्यावर स्थितीने. समानांचा क्रम तो मोडत नाही, त्यामुळे प्रत्येक भाग आपोआप अकारविल्हे. शनिवारी घातलेलं बरोबरचं चिन्ह इथे कामी आलं.

११ जुलै, शुक्रवार

हीप सॉर्ट आणि शेल सॉर्ट, दोन्ही उरकले. हीप (विल्यम्स, १९६४) म्हणजे ॲरेतच मांडलेलं झाड, प्रत्येक घराची दोन मुलं पुढच्या घरांत. सईने पुस्तकातलं सूत्र, मुलं दुप्पटीवर आणि दुप्पट अधिक एकवर, जसंच्या तसं घेतलं. सीचा ॲरे शून्यापासून, आणि शून्याची दुप्पट शून्य, म्हणजे मूळ स्वतःचंच मूल. एक एक वाढवल्यावर चाललं. तुलना एकेचाळीस हजारांच्या आसपास, जास्तीची जागा मात्र लागत नाही. शेल सॉर्टबद्दल विशेष काही नाही, आमच्या आकाराला चालतो.

१२ जुलै, शनिवार

छापलेल्या पाच जागा घेऊन वाचनालयात. सई सळई काढायला लागली तेव्हा काकू म्हणाल्या, "हळू, ती वाकली की खण अडकतो."

पहिली जागा, २९ उलट्या जोड्या: 'वाट'ने सुरू होणारं कार्ड 'वारा'च्या घोळक्यात. कोणीतरी घाईत खोचलेलं. त्या पुस्तकाची नोंद समितीच्या यादीत 'गहाळ' होती. पुस्तक कपाटात होतं. कार्ड सापडत नाही म्हणून पुस्तक गेलं असं धरलं होतं! काकूंनी काहीही न बोलता कार्डावरचा शेरा खोडला.

दुसरी जागा, ४ जोड्या: तीच तऱ्हा, चार घरं मागे पडलेलं. तिसरी, १ जोडी: दोन कार्डं आगेमागे. चौथी, १ जोडी: इथे कार्ड बरोबर, सईचा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला. "पहिली वेलांटी आहे गं ती," काकू म्हणाल्या, आणि सईने फाईल तिथेच दुरुस्त केली.

पाचवी जागा, ६ जोड्या. एकाच कादंबरीचे चार भाग, सलग चार कार्डं. काकू बघतात आणि आम्हाला विचारतात, यात काय चुकलंय? कार्डं अशी: भाग पहिला, भाग दुसरा, भाग तिसरा, भाग चौथा. मी लॅपटॉपवर दाखवलं. आमच्या यादीत: भाग चौथा, भाग तिसरा, भाग दुसरा, भाग पहिला. च, त, द, प. चारही बरोबर उलटे. चार जणांत जोड्या सहा, सहाच्या सहा उलट्या.

सई हसायला लागली. मी इतकी वर्षं मोजतोय, पण एक ते चारचे हे शब्द वर्णमालेत नेमके उलटे उभे आहेत हे कधी लक्षात आलं नव्हतं.

"मग आता पहिला भाग चौथ्याच्या मागे लावू का?" काकूंनी विचारलं.

"नको काकू."

"हं," म्हणाल्या, आणि सळई घातली.

१३ जुलै, रविवार

क्रमवाचक शब्दांसाठी किल्लीत आणखी एक नियम घालता आला असता. मी सुरुवातही केली होती. मग 'पहिला' हा शब्द भागाचा क्रमांक म्हणून न येता नावातच येणारी पुस्तकं दिसली, ती या नियमाने हलली असती. पुसून टाकलं.

दर महिन्याला फाईल नव्याने मोजायची, इन्सर्शन सॉर्टने, फक्त उलट्या जोड्यांसाठी, असं ठरलंय. आज चालवलं: ६. त्या ओळीच्या वर सईने कोडमध्ये टीप टाकलीय: 'सहा आले तर ठीक. जास्त आले तर खण उघडा, कमी आले तर काकूंना विचारा.'